सोयाबीनच्या हंगामात येणारे नवे पायथन: केव्हा बसवावे, कसे पारखावे

पायथन या संगणकभाषेची नवी आवृत्ती गेली काही वर्षे दर ऑक्टोबरमध्ये येते. ३.१२ ही २ ऑक्टोबर २०२३ रोजी आली, ३.१३ ही ७ ऑक्टोबर २०२४ रोजी आणि ३.१४ ही ७ ऑक्टोबर २०२५ रोजी. नेमक्या याच दिवसांत मराठवाड्यातील मोंढ्यांवर सोयाबीनची आवक वाढलेली असते, आडत दुकानांत रात्री उशिरापर्यंत पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचे हिशेब, निघत असतात आणि दिवाळीपूर्वी पैसे हातात पडावेत म्हणून शेतकरी दुकानात थांबलेला असतो. मी लातुरात अशा काही दुकानांसाठी पट्टी, हमाली, तोलाई आणि उचल यांचा हिशेब ठेवणारे छोटे प्रोग्रॅम लिहितो व सांभाळतो. नवी आवृत्ती आली की लगेच बसवावी, असे मला सुरुवातीला वाटत असे. आता वाटत नाही. मात्र जुन्या आवृत्तीवर वर्षानुवर्षे बसून राहणेही मला मान्य नाही. नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसवावी, दोघींकडून तेच काम करून घ्यावे, हिशेब पैशापर्यंत जुळला की मगच जुनीला सुट्टी द्यावी, ही पद्धत मी पाळतो आणि तीच येथे सविस्तर मांडतो. दुकान असो, महाविद्यालयाची प्रयोगशाळा असो वा तालुक्याच्या गावचे सेवा केंद्र, पायऱ्या त्याच राहतात. या लेखातील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांत टंकाव्यात.

प्रथम आवृत्तीच्या आकड्यांचा अर्थ समजून घ्यावा, कारण निम्मी भीती किंवा निम्मा निष्काळजीपणा तेथूनच येतो. ३.१४.२ असा क्रमांक घेतला, तर शेवटचा २ हा केवळ दुरुस्त्यांचा आकडा आहे. त्यात भाषा बदलत नाही, चुका आणि सुरक्षेतील फटी बुजवल्या जातात, म्हणून अशी आवृत्ती फारसा विचार न करता घ्यावी. मधला १४ बदलतो तेव्हा भाषेत नव्या गोष्टी येतात आणि, जे लोक विसरतात ते म्हणजे, काही जुन्या गोष्टी काढूनही टाकल्या जातात. पहिला आकडा बदलला तर काय होते हे जुन्या लोकांनी अनुभवले आहे: डिसेंबर २००८ मध्ये ३.० आली तेव्हा सात भागिले दोन याचे उत्तर तीनऐवजी साडेतीन झाले, आणि २.७ ला १ जानेवारी २०२० रोजी निरोप मिळेपर्यंत जगभरातील प्रोग्रॅमरांची दहा-अकरा वर्षे त्या स्थलांतरात गेली. तसा मोठा बदल आज समोर नाही. प्रत्येक मधल्या आवृत्तीला सुमारे पाच वर्षे आधार मिळतो, ३.१३ पासून पुढे पहिली दोन वर्षे सर्व दुरुस्त्या आणि नंतरची तीन वर्षे केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या, असा क्रम ठरलेला आहे. ३.९ चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि ३.१० चा ऑक्टोबर २०२६ मध्ये संपायचा आहे. आपल्याकडे ३.१२ किंवा ३.१३ असेल तर ऑक्टोबरात घाईचे कारण नाही, ३.९ किंवा त्याहून जुनी असेल तर मात्र हा हंगाम संपताच काम हाती घ्यावे.

नवी आवृत्ती ऑक्टोबरच्या त्या दिवशी आकाशातून पडत नाही, हेही ध्यानात असावे. मे महिन्याच्या सुरुवातीला पहिली बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, येते आणि त्यानंतर नवे काही घालायचे नाही असा नियम आहे. श्रावणाच्या सुमारास पहिली रिलीज कॅंडिडेट येते, म्हणजे जवळपास अंतिम रूप. मोंढा तेव्हा शांत असतो. ज्याला वेळ आहे त्याने तेव्हाच दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर ती बसवून आपला प्रोग्रॅम चालवून पाहावा, कारण चूक सापडली तर अंतिम आवृत्ती येण्यापूर्वी ती दुरुस्त होण्याची शक्यता असते. ज्याला वेळ नाही त्याने डिसेंबरची वाट पाहावी. अंतिम आवृत्तीनंतरची पहिली दुरुस्ती-आवृत्ती अलीकडे डिसेंबरच्या सुरुवातीस येते, ३.१३.१ ही ३ डिसेंबर २०२४ रोजी आली होती. सोयाबीनची आवक तोवर ओसरू लागते आणि नवी तूर अजून मोंढ्यावर यायची असते. आपल्या कामासाठी याहून चांगला मुहूर्त नाही.

कामाला लागल्यावर पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे काय आहे याची नोंद. विंडोजवर आज्ञापटल (कमांड प्रॉम्प्ट) उघडून 'पाय डॅश डॅश लिस्ट' असे टंकले की बसवलेल्या सर्व आवृत्त्यांची यादी दिसते. अनेकांना या यादीत दोन-तीन आवृत्त्या पाहून आश्चर्य वाटते, कारण कोणत्या तरी विद्यार्थ्याने कधी तरी प्रकल्पासाठी एक बसवलेली असते. नंतर आपला प्रोग्रॅम त्यांपैकी कोणती वापरतो हे शोधावे, आणि त्याच आवृत्तीत 'पिप फ्रीझ' चालवून वापरात असलेल्या सर्व लायब्ररींची, म्हणजे पिप या साधनाने बसवलेल्या इतरांच्या तयार कोडची, नावे व क्रमांक एका फायलीत उतरवून घ्यावेत. विंडोज स्वतः कोणती आहे हेही पाहावे. तालुक्याच्या ठिकाणी अजून विंडोज ७ चे संगणक चालू आहेत आणि त्यांवर ३.८ च्या पुढचे पायथन चालत नाही, विंडोज ८.१ वर ३.१२ ही शेवटची, ३.१३ पासून पुढे विंडोज १० किंवा त्याहून नवी लागते. अशा ठिकाणी पायथनच्या आधी संगणकाचा प्रश्न सोडवावा लागेल, आणि ही गोष्ट मालकाला स्पष्टपणे सांगितलेली बरी.

दुसरी पायरी वाचनाची. प्रत्येक आवृत्तीसोबत पायथन डॉट ऑर्गवर 'नवीन काय' या अर्थाचे एक लांबलचक पान प्रसिद्ध होते. बहुतेक लोक त्यातील नव्या सोयी वाचतात. सांभाळणाऱ्याने 'काढून टाकलेले' हा भाग आधी वाचावा, आणि मधली एखादी आवृत्ती गाळून पुढे जात असल्यास गाळलेल्या आवृत्तीचेही पान वाचावे. ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स आणि इम्प यांसारखे काही जुने मॉड्यूल, म्हणजे पायथनसोबत येणारे तयार भाग, गेले. ३.१३ मध्ये तर एकदम १९ मॉड्यूल काढले गेले, त्यांत सीजीआय आणि टेलनेटलिब ही नावे आहेत. नेटवर्कला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचे आकडे कोणी टेलनेटलिबने वाचत असेल, तर ३.१३ वर त्याचा प्रोग्रॅम पहिल्याच ओळीत थांबेल. ३.१४ मध्ये टी-स्ट्रिंग (मजकुराचे साचे) आल्या, टाइप-नोंदींचे (कोणते मूल्य कोणत्या प्रकारचे हे सांगणाऱ्या नोंदींचे) मूल्यमापन गरज पडेपर्यंत पुढे ढकलले गेले, आणि अनेक धागे (कामाचे समांतर प्रवाह) खऱ्या अर्थाने एकाच वेळी चालवणारी पायथनची वेगळी बांधणी अधिकृत झाली. ही शेवटची गोष्ट मोठी आहे, पण आडत दुकानाच्या हिशेबाला तिची गरज नाही. नेहमीची बांधणीच घ्यावी.

आता प्रत्यक्ष बसवणे. फाइल पायथन डॉट ऑर्गवरूनच उतरवावी. विंडोजचा इन्स्टॉलर तीस एमबीच्या आसपास असतो, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही तो सहज उतरतो. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसते, जुनीला ती हात लावत नाही, आणि म्हणूनच जुनी आधी काढून टाकण्याची चूक कोणी करू नये. येथे एक खाच मात्र आहे, आणि तिच्यात मी स्वतः अडकलो आहे. नुसते 'पाय' असे टंकले, किंवा प्रोग्रॅमच्या फायलीवर दोनदा क्लिक केले, की विंडोजमधील पायथन लाँचर सामान्यतः सर्वांत नवी आवृत्ती उचलतो. मी एका दुकानात फक्त पाहण्यासाठी म्हणून नवी आवृत्ती बसवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीमजींनी नेहमीप्रमाणे डेस्कटॉपवरील चिन्हावर क्लिक केले आणि प्रोग्रॅम उघडलाच नाही, कारण नव्या आवृत्तीत एकही लायब्ररी बसवलेली नव्हती. सौदे सुरू झाले होते, बाहेर ट्रॅक्टर उभे होते आणि तासभर पट्ट्या हाताने लिहाव्या लागल्या. तेव्हापासून मी नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी दुकानाच्या बॅच फायलीत (प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या आज्ञांच्या फायलीत) आवृत्तीचा क्रमांक स्पष्ट लिहितो, म्हणजे 'पाय डॅश ३.१२' असा, किंवा त्याहून चांगले म्हणजे त्या प्रोग्रॅमच्या स्वतंत्र वातावरणातील (फक्त त्याच्या लायब्ररी ठेवणाऱ्या वेगळ्या फोल्डरमधील) पायथनचा पूर्ण पत्ता देतो.

उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: तेथील मूळ पायथनवर यंत्रणेची स्वतःची कामे अवलंबून असतात, ते काढू अथवा बदलू नये. २४.०४ मध्ये ते ३.१२ आहे. त्यात पिपने थेट काही बसवू गेल्यास ती नकार देते, आणि तो नकार योग्य आहे. स्वतंत्र वातावरण करून त्यात काम करावे.

हे स्वतंत्र वातावरण, म्हणजे व्हीएन्व्ह, जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत उचलून नेता येत नाही. ते त्या-त्या आवृत्तीशी बांधलेले असते, त्यामुळे 'पाय डॅश ३.१४ डॅश एम व्हीएन्व्ह' या आज्ञेने नवे वातावरण नव्या नावाच्या फोल्डरमध्ये तयार करावे आणि आधी उतरवून घेतलेल्या यादीवरून त्यात लायब्ररी बसवाव्यात. येथे बहुतेकांची गाडी अडते. यादीतील जुन्या क्रमांकाच्या लायब्ररीची नव्या पायथनसाठी तयार बांधलेली फाइल अनेकदा नसते. मग पिप ती मूळ कोडवरून बांधू पाहते आणि मायक्रोसॉफ्टचा सी++ संकलक (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) मागते. काही जीबींचा तो पसारा उतरवत बसू नये. त्या लायब्ररीची नवी आवृत्ती नव्या पायथनसाठी निघाली आहे का ते पाहावे. निघाली नसेल तर आपले स्थलांतर महिनाभर पुढे ढकलावे. ऑक्टोबरात न धावण्याचे हे आणखी एक कारण आहे: लायब्ररी लिहिणाऱ्या मंडळींनाही नव्या आवृत्तीशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. सर्व बसल्यावर 'पिप चेक' चालवले की लायब्ररींचे आपापसांत बिनसले आहे का ते कळते.

जेथे इंटरनेट भरवशाचे नाही तेथे लायब्ररी पेनड्राइव्हवरून न्याव्यात. शहरातील चांगल्या जोडणीवर, नव्याच पायथनचा वापर करून, 'पिप डाउनलोड' या आज्ञेने यादीतील सर्व फायली एका फोल्डरमध्ये उतरवाव्यात. दुकानातील संगणकावर 'पिप इन्स्टॉल' करताना 'डॅश डॅश नो-इंडेक्स' आणि 'डॅश डॅश फाइंड-लिंक्स' हे पर्याय देऊन तो फोल्डर दाखवावा, की इंटरनेटशिवाय काम होते. 'नव्याच पायथनचा' असे मुद्दाम म्हटले, कारण ३.१२ ने उतरवलेल्या अनेक फायली ३.१४ ला चालत नाहीत. दोन्हीकडे विंडोजही एकाच प्रकारची, ६४ बिटची, असावी.

आता प्रोग्रॅम नव्यावर चालवण्याआधी एकदा जुन्यावरच, सूचना उघड्या ठेवून चालवावा. पुढे काय काढले जाणार आहे याची पूर्वसूचना पायथन एक-दोन आवृत्त्या आधीपासून देत असते, पण त्यांतील बऱ्याच सूचना एरवी दडवलेल्या असतात. 'डॅश डब्ल्यू डीफॉल्ट' हा पर्याय दिला की त्या पडद्यावर येतात. ३.१२ पासून एक सूचना मात्र आपोआप दिसते आणि ती विंडोजवाल्यांना हमखास भेटते. फोल्डरचा पत्ता साध्या अवतरणचिन्हांत उलट्या तिरप्या रेघेने लिहिला असेल आणि त्या रेघेपुढे इंग्रजीत लिहिलेल्या 'पट्टी'चा पी आला असेल, तर तशी खूण पायथनमध्ये अस्तित्वात नाही म्हणून आजवर ती रेघ तशीच ठेवली जात होती. आता सूचना मिळते आणि पुढे कधी तरी तो दोष ठरणार आहे. फोल्डरचे नाव 'तूर' असते तर रेघ आणि टी मिळून टॅब झाला असता आणि फाइल सापडलीच नसती. पत्त्याआधी आर लिहावा किंवा सरळ तिरपी रेघ वापरावी. दोन्ही आवृत्त्यांत ते सारखेच चालते.

मराठी नावे वाचणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. फाइल उघडताना तिचे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे आकड्यांत साठवण्याची पद्धत, सांगितले नाही, तर ३.१४ पर्यंतचे पायथन विंडोजची स्थानिक पद्धत धरते आणि आपल्याकडील इंग्रजी विंडोजवर ती सहसा १२५२ क्रमांकाची कोडपेज, म्हणजे अक्षरांचा जुना तक्ता, असते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सर्व लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत, प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे असते. हलन्ताचा, म्हणजे पाय मोडण्याच्या चिन्हाचा, तिसरा बाइट नेमका असा आहे की १२५२ मध्ये त्याला काही अर्थच दिलेला नाही. ऱ्हस्व उकाराचेही तसेच, आणि झ, ए, ऐ या अक्षरांचेही. म्हणून यादीत रमेश, नामदेव, सखाराम अशी नावे असेपर्यंत प्रोग्रॅम थांबत नाही, केवळ कचरा दाखवतो. दत्ता किंवा मुक्ता आली की तेथेच दोष दाखवून बंद पडतो. एका विद्यार्थ्याने हाच प्रकार मला दाखवला तेव्हा त्याची समजूत अशी होती की काही शेतकऱ्यांची नावेच चुकीची टंकली गेली आहेत. नावे बरोबर होती. त्याच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर सर्व सुरळीत चालत होते, कारण तेथे यूटीएफ-८ आधीपासून गृहीत असते.

ऑक्टोबर २०२६ मध्ये अपेक्षित असलेल्या ३.१५ पासून विंडोजवरही यूटीएफ-८ गृहीत धरले जाईल, असे ठरले आहे. मराठीसाठी हा बदल मोलाचा आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण जो प्रोग्रॅम आज एखादी जुन्या पद्धतीने साठवलेली फाइल काही न सांगता वाचतो आहे, तो त्या दिवशी अडखळू शकतो. उपाय दोन्हीकडे एकच आहे: फाइल उघडणाऱ्या प्रत्येक ओळीत एन्कोडिंग स्पष्ट लिहावे. अशा ओळी शोधण्यासाठी ३.१० पासून 'डॅश एक्स वॉर्न अंडरस्कोर डीफॉल्ट अंडरस्कोर एन्कोडिंग' हा पर्याय आहे. तो देऊन प्रोग्रॅम चालवला की एन्कोडिंग न सांगितलेली ओळ गाठली जाताच तिचा क्रमांक कळतो. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून साठवलेली फाइल असेल तर 'यूटीएफ-८-एसआयजी' असे लिहावे, नाहीतर पहिल्या स्तंभाच्या शीर्षकाला एक अदृश्य खूण चिकटून येते आणि डोळ्यांना 'नाव' दिसत असूनही पायथन म्हणते की 'नाव' नावाचा स्तंभच नाही.

एवढे झाल्यावर खरी परीक्षा घ्यावी. गेल्या हंगामातील एखाद्या गर्दीच्या दिवसाचा माल-आवकीचा डेटा घ्यावा, जुन्या पायथनने त्याच्या सर्व पट्ट्या एका फोल्डरमध्ये काढाव्यात, नव्याने दुसऱ्या फोल्डरमध्ये, आणि विंडोजवरील 'एफसी' किंवा लिनक्सवरील 'डिफ' या आज्ञेने फायली शेजारी शेजारी तपासाव्यात. प्रोग्रॅम न अडखळता चालला म्हणजे झाले, असे समजू नये. ३.११ वरून ३.१२ वर जाताना माझ्या एका पट्टीत बरोबर एक रुपयाचा फरक आला. कोणताही दोष दाखवला गेला नव्हता, कोणतीही सूचना आली नव्हती. शोध घेतल्यावर कारण सापडले: ३.१२ मध्ये सम या फंक्शनची दशांश आकड्यांची बेरीज करण्याची पद्धत अधिक अचूक करण्यात आली आहे. ०.१ हा आकडा दहा वेळा मिळवला तर ३.११ मध्ये उत्तर ०.९९९९९९९९९९९९९९९९ असे येते आणि ३.१२ मध्ये नेमके १.० येते. मी पैसे सोडून देण्यासाठी बेरजेवर इंट (अपूर्णांक टाकून देणारे फंक्शन) लावले होते. एकाने शून्य धरले, दुसऱ्याने एक. नवे उत्तर बरोबर होते आणि चूक माझी होती, कारण पैशाचा हिशेब अशा आकड्यांत ठेवायलाच नको होता. त्यानंतर मी सर्व रकमा दशांश हिशेब अचूक ठेवणाऱ्या डेसिमल मॉड्यूलवर नेल्या आणि दोन्ही फोल्डर जुळले. शेतकऱ्याच्या पट्टीतील तो एक रुपया त्याचा आहे की दुकानाचा, हे पायथनच्या आवृत्तीवरून ठरता कामा नये.

बदल प्रत्यक्ष करण्यासाठी मी येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आदल्या दिवसाची संध्याकाळ निवडतो. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडे सगळेच शेतात जातात, भज्जी-आंबील होते, मोंढा बंद असतो आणि काही चुकलेच तर दुरुस्तीला पूर्ण एक दिवस हातात राहतो. दुकान बंद झाल्यावर आधी डेटाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, मग बॅच फायलीतील पत्ता जुन्या वातावरणाऐवजी नव्या वातावरणाचा करावा. एवढीच एक ओळ बदलते. जुनी ओळ पुसू नये, तिच्यापुढे 'रेम' लिहून ती निष्क्रिय ठेवावी; माघार घ्यायची वेळ आली तर मुनीमजींनाही फोनवरून सांगता येते की ही ओळ बंद करा आणि ती चालू करा. कधी, कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेलो याची तारखेसह नोंद दुकानातील वहीत करावी.

जुने वातावरण आणि जुने पायथन तुरीची आवक संपेपर्यंत तसेच ठेवावे. हरभरा येण्यापूर्वी एकदा महिन्याचा ताळेबंद नव्यावर काढून पाहावा, कारण महिनाअखेरीस चालणारे भाग रोजच्या वापरात तपासले जात नाहीत. तो जुळला की जुन्या वातावरणाचा फोल्डर पुसावा आणि नंतर विंडोजच्या सेटिंगमधून जुनी आवृत्ती काढावी, पण त्याआधी 'पाय डॅश डॅश लिस्ट' पुन्हा चालवून त्या संगणकावर आणखी कोणाचा प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाही ना, हे विचारून घ्यावे.